समुद्र नसलेलं बंदर

दिवाळीच्या सुट्टीत मी मुक्ताईनगरला बहिणीकडे गेलो होतो. घरात पाऊल टाकतो तो काय, ओसरीभर कागदच कागद पसरलेले! रंगखडू, पट्टी, खोडरबर यांचा नुसता बाजार मांडलेला.

"मामा, पाय जपून!" सातवीतला भाचा ओरडला. "तुम्ही समुद्रात उभे आहात."

मी घाईघाईने किनाऱ्यावर आलो. मग कळलं, भाचा आणि त्याची चौथीतली बहीण मिळून एक राज्य तयार करत होते. राज्याचं नाव रोज बदलत होतं, पण राजधानी मात्र पक्की होती. निळ्याशार समुद्राकाठी मोठं बंदर, शिडांची जहाजं, उंच बुरूज, सोन्याच्या कळसाचा राजवाडा, हत्तीखाना, बाजारपेठ. काही म्हणता काही कमी नव्हतं.

आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, वाती वळत बसल्या होत्या. चष्मा वर करून त्यांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "आरे भाऊ, एवढ्या मोठ्या शहरात मानसं पानी कुठलं पेतात?"

भाचा म्हणाला, "आजी, एवढा समुद्र आहे की!"

"समुद्राचं पानी पेतात का कोनी?"

झालं! राजेसाहेब गप्प. धाकटी फिसकन हसली. मग भाचा जरा चिडूनच म्हणाला, "आपल्या खानदेशात समुद्रही नाही, राजधानीही नाही आणि बंदरही नाही. आम्हाला काय माहीत असणार?"

मी म्हटलं, "थांब. राजधानी आहे. बंदर म्हणशील तर तेही आहे, फक्त त्याला समुद्र नाही. उद्या सकाळच्या एस.टी.ने जाऊ या."

तर मुलांनो, या आमच्या सहलीची ही हकीकत. गावाचं नाव बुऱ्हाणपूर.

नदी जाते, जहाज येत नाही

मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. आजही जुनी माणसं तेच म्हणतात. संत मुक्ताबाईंची समाधी इथली, म्हणून गाव मुक्ताईनगर झालं. जवळच चांगदेवला तापी आणि पूर्णा या नद्या मिळतात. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे तिथे पाणी असं पसरलंय की भाच्याच्या नकाशातला समुद्रच वाटावा! अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथातही या संगमाचा उल्लेख आहे.

गाडी सुटली आणि मी मुलांना विचारलं, "तापी कुठून येते?"

"मुलताईहून," भाचा म्हणाला. "आणि ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. भूगोलात आहे."

शाबास! आता लक्षात घ्या. याच नदीच्या काठी वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर आणि खाली मुखाजवळ सुरत. सुरत म्हणजे मोगलांचं सगळ्यात मोठं बंदर. अरबस्तान, इराण, युरोप, कुठकुठली जहाजं तिथे लागायची. हज यात्रेला निघालेले लोकही तिथूनच जहाजात बसायचे. पण सुरतेहून नदीतून वर यावं म्हटलं तर सोय नाही. तापीचं पात्र खडकाळ, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात खडखडाट. मग जहाजातला माल देशात आत कसा न्यायचा? तर बैलांच्या पाठीवर, गाड्यांत आणि उंटांवर!

सुरतेहून निघालेला हा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी आपली गावं घेत बुऱ्हाणपूरला पोचायचा. तिथून पुढे एक वाट उत्तरेला आग्र्याकडे, दुसरी दक्षिणेला दख्खनकडे. म्हणजे सुरतेला उतरलेला माल बुऱ्हाणपूरला पुन्हा उतरायचा, मोजला जायचा, विकला जायचा आणि पुढे निघायचा. बंदरात याहून वेगळं काय होतं हो? फक्त शिडांच्या ऐवजी शिंगं दिसायची, एवढाच फरक!

या रस्त्याने सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या आला होता. त्याने नवापूरच्या तांदळाची मोठी तारीफ करून ठेवली आहे. दाणा बारीक, शिजवला की बर्फापेक्षा पांढरा आणि वास कस्तुरीसारखा! हिरेमाणकं पारखणारा माणूस आपल्या भातावर खूष झाला, ही काही लहान गोष्ट नाही.

राजधानी कशी झाली?

इच्छापूर आलं. इथून मध्य प्रदेश. टेकडीवरच्या इच्छादेवीला गाडीतूनच हात जोडले. थोड्या वेळाने तापी दिसली आणि पलीकडे बुऱ्हाणपूर.

खानदेशात फारुकी घराण्याचं राज्य होतं, हे तुम्ही ऐकलं असेल. मलिक राजा हा त्यांचा मूळ पुरुष. त्याचं ठाणं होतं थाळनेर, आताच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात. त्याचा मुलगा नासीर खान याने १४०० च्या सुमारास तापीकाठी नवं शहर वसवलं. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावावरून ते बुऱ्हाणपूर. या संतांचा दर्गा आपल्या खुलताबादला आहे. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर अशीरगड, म्हणजे पाठीशी बळकट किल्ला आणि पायाशी नदी. राजधानीला आणखी काय हवं?

दोनशे वर्षं फारुकींनी राज्य केलं. १६०१ च्या जानेवारीत अशीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. पण बुऱ्हाणपूरचं महत्त्व कमी झालं नाही, उलट वाढलं. मोगलांना दख्खन जिंकायचं होतं आणि दख्खनचा दरवाजा इथे होता. शाहजादे, सुभेदार, सरदार, त्यांच्या फौजा, हत्ती, घोडे, सगळे इथे येऊन राहिले.

राजवाडा राहू द्या, गल्लीत चला

भाच्याला लगेच किल्ला पाहायचा होता. मी म्हटलं, "आधी बाजारात जाऊ. राजा शहरात कधीमधी असतो, माणसं रोज असतात."

आता कल्पना करा. सन आहे १६१५. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून इथे आला आहे. त्याला वाटलं, बादशहाच्या मुलाचं शहर, केवढं दिमाखदार असेल! प्रत्यक्षात काय? काही मोठे वाडे सोडले तर बाकी सारी मातीची घरं. त्याला सराईत ज्या खोल्या दिल्या त्या त्याला भट्टीएवढ्या वाटल्या. शेवटी स्वारी आपल्या तंबूतच झोपली!

"म्हणजे सोन्याचा कळस नाही?" धाकटीने विचारलं.

"कळस असेल एखादा. पण ज्यांच्या जिवावर शहर चालतं त्यांची घरं मातीचीच."

आणि या मातीच्या घरांत काय विणलं जायचं, ठाऊक आहे? आरपार दिसेल इतकी तलम मलमल! सोन्याचांदीच्या जरीचे पट्टे असलेल्या ओढण्या, रुमाल, फुलाफुलांचं रंगीत कापड. ताव्हेर्निएने लिहिलंय की इथलं कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकंच काय, रशिया आणि पोलंडपर्यंत जायचं. सकाळी गल्लीत शिरलात तर मागांची खटखट, रंगाऱ्यांच्या कढया, जरीची तार ओढणारे कारागीर, सावकारांच्या गाद्या, सराईच्या दारात पाठीवरच्या गोणी उतरवून उभे असलेले बैल आणि घासाघीस करणारे दलाल. दहा तऱ्हेच्या भाषा कानावर पडत असतील. बंदराचं गाव कसं ओळखावं? तर जिथे परक्या बोलीचं कुणाला नवल वाटत नाही ते!

आजही हे थोडंफार जाणवतं. आम्ही चहाच्या टपरीवर हिंदीत बोलायला लागलो, तर टपरीवाले काका चक्क मराठीत म्हणाले, "बसा ना, कुठून आले?" यंत्रमागांची खटखट गल्लीगल्लीतून ऐकू येत होती. इथे बोहरा समाजाचा मोठा दर्गा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना इथे राहिले होते, त्यांच्या स्मरणार्थ गुरुद्वारा आहे. आणि जामा मशिदीत तर एक गंमतच पाहिली. फारुकींच्या राजा अली खानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही मशीद बांधली. तिच्या आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्याबरोबर चक्क संस्कृत लेखही आहे. देवनागरी अक्षरं बघून भाचा वाचायला लागला. दोन शब्दांवर अडला, पण वाचायला लागला हे महत्त्वाचं.

किल्ल्याच्या खिडकीतून

दुपारी शाही किल्ला पाहिला. तापीच्या काठावर उंच भिंती, आत शाही हमाम म्हणजे स्नानगृह. छतावरची रंगीत नक्षी अजून थोडी शिल्लक आहे. खिडकीतून खाली नदी दिसते.

याच शहरात जून १६३१ मध्ये शाहजहानची बेगम मुमताज महल वारली. ते तिचं चौदावं बाळंतपण होतं. पलीकडच्या तीरावर झैनाबादच्या आहूखाना बागेत तिला पुरलं होतं. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला आणि पुढे तिथे ताजमहाल उभा राहिला.

ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच वेळची दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. १६३० मध्ये गुजरात आणि खानदेशात पाऊसच पडला नाही. भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या साली याच सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्याने गेला. वाटेत ओस गावं आणि भुकेने मेलेली माणसं पाहून तो हादरला. आणि त्याच रस्त्यांवर बंजाऱ्यांचे तांडे धान्याच्या गोणी लादून बुऱ्हाणपूरकडे चालले होते, कारण तिथे बादशहाच्या फौजेचा तळ होता. धान्य नव्हतं असं नाही. ते फौजेकडे जात होतं.

बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर सुरू केले. दर सोमवारी ५,००० रुपये वाटायचा हुकूम केला. काही जीव वाचलेही असतील. पण दूरच्या खेड्यातल्या उपाशी माणसाने सोमवारपर्यंत राजधानी कशी गाठायची?

भाचा बराच वेळ खिडकीशी उभा होता. मग म्हणाला, "मामा, माझ्या नकाशात मी शेतं काढलीच नाहीत."

मराठे आले, आणि खणणारेही

शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली, हे तुम्हाला पाठ असेल. आता त्या रस्त्याचं दुसरं टोक आठवा. १६८१ मध्ये, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बुऱ्हाणपुरावर झडप घातली. तटाच्या बाहेर बहादूरपुरा आणि असे कितीतरी श्रीमंत पुरे होते. ते लुटले गेले. मोगलांची तिजोरी कुठे भरते, हे मराठ्यांनी बरोबर हेरलं होतं. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंगही इथेच, १६६७ मध्ये वारले. तापीकाठी त्यांची छत्री आहे.

२०२५ साली 'छावा' चित्रपट आला आणि बुऱ्हाणपूरचं नाव पुन्हा घरोघरी पोचलं. मग काय विचारता! अशीरगडाजवळच्या शेतांत सोन्याच्या मोहरा सापडतात अशी आवई उठली आणि लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणायला धावले. पोलिसांना यावं लागलं. बिचाऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनीची मात्र चाळण झाली.

"खजिना खरंच आहे का हो?" धाकटीने हळूच विचारलं.

"आहे ना! चला दाखवतो. तोही जमिनीखालीच आहे."

ऐंशी फूट खाली

गावाबाहेर काही किलोमीटरवर एका उजाड माळावर विटांच्या गोल कठड्यांची रांग दिसते. विहिरी असाव्यात तशी. एका ओळीत, ठरावीक अंतरावर, शंभराच्या वर! याला म्हणतात कुंडी भंडारा. काही लोक 'खूनी भंडारा'ही म्हणतात. पाण्याला लालसर झाक असायची म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात.

एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. आम्ही तिघं तिच्यात उभे राहिलो आणि सुमारे ८० फूट खाली गेलो. वर ऊन रणरणत होतं, खाली गारेगार. एक अरुंद बोगदा, भिंतींवर क्षारांचे पांढरे थर, आणि पायाशी झुळझुळ वाहणारं स्वच्छ पाणी. वर बघितलं तर कुंडीच्या तोंडातून रुपयाएवढं आभाळ!

हे कुणी केलं? जहांगीर बादशहाच्या काळात इथला सुभेदार होता अब्दुर रहीम खान-ए-खानान. हिंदी दोहे लिहिणारा रहीम तो हाच बरं का! शहर वाढत होतं, फौजा येत होत्या आणि पाणी पुरत नव्हतं. तापी शेजारी होती, पण खोल पात्रात. शिवाय वेढा पडला आणि शत्रूने नदीत विष कालवलं तर? तेव्हा १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली, असं म्हणतात.

युक्ती साधी, पण अशी बेमालूम की बघत राहावं. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांतून जमिनीत मुरतो आणि हळूहळू तापीकडे सरकतो. त्या वाटेवर जमिनीखाली बोगदा खणायचा. त्याला शहराच्या दिशेने अगदी बेताचा उतार द्यायचा. ठरावीक अंतरावर कुंड्या, म्हणजे खणताना माती वर काढता येते, आत हवा-उजेड येतो आणि गाळ साचला तर उतरून साफ करता येतो. पाणी बोगद्यात झिरपतं आणि आपल्या पायांनी शहरात येतं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही, वीज नाही! इराणात अशा बोगद्यांना कनात म्हणतात. जाळी करंज नावाच्या हौदात पाणी जमायचं आणि तिथून शहरभर वाटलं जायचं.

बोगद्यात उभं राहून भाचा म्हणाला, "आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे!"

अगदी बरोबर. मोगल गेले, मराठे आले, शिंदे आले, इंग्रज आले. सुरतेचं वैभव मुंबईकडे गेलं. रेल्वे आली आणि बैलांचे तांडे थांबले. राज्यांच्या सीमा बदलल्या आणि खानदेशची जुनी राजधानी मध्य प्रदेशात गेली. पाणी मात्र चारशे वर्षं वाहत राहिलं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत याचं नाव गेलं आहे.

पण एक काळजीची गोष्ट आहे. आता आजूबाजूला विंधनविहिरी वाढल्या. पाणी बोगद्यात झिरपण्याआधीच उपसलं जातं. काही बोगदे बुजले आणि काही कुंड्यांत क्षार साचून वाट अरुंद झाली. आणि हे फक्त बुऱ्हाणपूरचं रडगाणं नाही. रावेर, यावल, मुक्ताईनगर हा आपला सगळा केळीचा पट्टा त्याच सातपुड्याच्या पाण्यावर उभा आहे. विहिरी दरसाल खोल खोल जातात, हे तुमच्या बाबांना विचारा. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोऱ्यात पावसाचं पाणी मोठ्या प्रमाणावर जमिनीत मुरवण्याच्या योजनेचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याचे तेच दगडगोटे पुन्हा उपयोगी पडायचे आहेत. चारशे वर्षांपूर्वी पाणी काढायची युक्ती केली, आता ते परत घालायची करायची आहे.

परतीची वाट

निघताना बुऱ्हाणपूरची प्रसिद्ध मावा जिलबी खाल्ली. काळसर, जाड आणि तुपात निथळणारी. आजींसाठी दराबा बांधून घेतला. हायवेला लागलो तर केळीने भरलेल्या ट्रकांची रांग उत्तरेकडे चाललेली. भाचा मोजायला लागला. "मामा, बंदर अजून चालू आहे!" तो म्हणाला. बरोबरच आहे. फक्त मलमलीच्या जागी केळी आली.

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर पुन्हा कागद पसरले. सोन्याचा कळस खोडला गेला. राजवाडा जरा लहान झाला. तटाबाहेर विणकरांचे पुरे आले, सराई आली, शेतं आली आणि प्रत्येक गावात धान्याचं एकेक कोठार आलं. मग भाच्याने निळा खडू घेतला आणि डोंगराच्या पायथ्यापासून शहरापर्यंत छोट्या छोट्या गोलांची एक लांबलचक ओळ काढली.

आजींनी चष्मा वर केला. "हे काय रे?"

"कुंड्या! पाणी इथून येतं."

"मंग ठीक आहे," आजी म्हणाल्या. "आता राह्यतील मानसं." आणि त्यांनी दराब्याचा डबा उघडला.

मुलांनो, तुम्हीही आपलं एक राज्य काढून बघा. समुद्र, जहाजं, हत्ती, काय हवं ते काढा. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या घरच्या नळाला किंवा विहिरीला पाणी कुठून येतं, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारा आणि त्या वाटेवर चालत जमेल तेवढं जाऊन या. जाताना कुणालातरी बरोबर न्या, म्हणजे झालं!